मदत हवी आहे: संदर्भकोशात रेल्वेमार्गांची नावं कशी लिहायची? मराठीत कॅपिटल अक्षर नाही, मग नाव कुठलं आणि वर्णन कुठलं हे दाखवायचं कसं

नमस्कार मंडळी,

प्रश्न जरा लांबलचक आहे, पण खरंच अडलोय आणि डिसेंबरात पुस्तक छापायला द्यायचंय म्हणून इथे विचारतोय. आमच्या वाचनालयासाठी आम्ही तिघं मिळून सोलापूर, धाराशिव, लातूर या पट्ट्यातल्या रेल्वेमार्गांचा छोटा संदर्भकोश करतोय. साधारण साठ नोंदी आहेत, चालू मार्ग, बंद पडलेले मार्ग, गेज (दोन रुळांमधलं अंतर) बदललेले मार्ग, आणि तुलनेसाठी मुंबई, कोकण, विदर्भातले काही. मागे इंग्रजी सूची पण द्यायचीय. माहिती गोळा झाली, तारखा तपासून झाल्या, आणि गाडी अडलीय ती नोंदीच्या शीर्षकापाशी.

सुरुवात इंग्रजी सूचीवरून झाली. 'लाइन' मधला एल कॅपिटल करायचा का स्मॉल, यावर आमचे दोन रविवार गेले. एकाचं म्हणणं सगळीकडे कॅपिटल, दिसायला बरं दिसतं. दुसऱ्याचं म्हणणं, इंग्रजी विकिपीडियावर शीर्षकाचं पहिलं अक्षर आणि विशेषनामं सोडून बाकी सगळं स्मॉल असतं, 'हावडा–नागपूर–मुंबई लाइन' मधला एल तिथे लहानच आहे, मग आपणही तसंच करू. मी मधे बसून ऐकत होतो आणि तेव्हा डोक्यात आलं की इंग्रजीवाल्यांकडे निदान भांडायला एक एल तरी आहे, आपल्याकडे तेही नाही. देवनागरीत 'हार्बर मार्ग' आणि 'कुर्डुवाडी-लातूर मार्ग' दोन्ही सारखेच दिसतात, पण पहिलं नाव आहे आणि दुसरं म्हणजे इथून तिथे जाणारी लाईन एवढंच. वाचणाऱ्याला हा फरक कळणार कसा?

हे नुसतं पुस्तकी वाटत असेल तर एक उदाहरण देतो. आमच्याकडची सगळ्यात मोठी नोंद बार्शी लाईट रेल्वेची. अडीच फुटी नॅरोगेज, १८९७ ला बार्शी रोड ते बार्शी सुरू झाली, १९०६ ला पंढरपूरला पोचली, १९११ ला लातूरला, १९२७ ला मिरजेला, आणि १९५४ ला सरकारने कंपनीकडून घेतली. आमच्या मदतीला अकरावीतला एक मुलगा टायपिंग करायला येतो, हुशार आहे, त्याने मला विचारलं की काका, एवढ्या जुन्या काळी ही गाडी लाईटवर चालायची? म्हणजे विजेवर! त्याची काही चूक नाही, मराठीत लाईट म्हणजे लाईटच. इथला 'लाईट' म्हणजे हलकी, कमी वजनाच्या रुळांवरची रेल्वे, एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनियरने एका अ‍ॅक्सलवर (चाकांच्या जोडीला जोडणाऱ्या दांड्यावर) पाच टनापेक्षा जास्त भार येणार नाही असं बघून ती आखली होती. इंग्रजीत हे तिन्ही शब्द कॅपिटलने सुरू होतात, त्यामुळे वाचणारा थांबतो आणि समजतो की हे आख्खं एक नाव आहे. मराठीत तो थांबतच नाही. त्यात मुद्रितशोधनाला ज्यांच्याकडे दिलं होतं त्यांनी चांगल्या मनाने सगळीकडे 'बार्शी हलकी रेल्वे' करून पाठवलं. मला ते वाचून वाईट वाटलं, कारण माझे आजोबा त्या गाडीवर फायरमन होते आणि त्यांच्या तोंडून मी आयुष्यभर 'बार्शी लाईट' एवढंच ऐकलंय. त्यांचा पितळी बिल्ला अजून आमच्या देवघराच्या फळीवर आहे, बी. एल. आर. अशी तीन इंग्रजी अक्षरं कोरलेली, त्यातलं मधलं एल घासून जवळजवळ गेलंय.

तसंच 'रोड' चं. बार्शी रोड म्हणजे आजचं कुर्डुवाडी जंक्शन, ते स्टेशनचं नाव होतं. लातूर रोड हे तर आजही स्टेशनच आहे. आता मी 'कुर्डुवाडी-लातूर रोड मार्ग' असं शीर्षक दिलं तर बाहेरचा माणूस डांबरी रस्ता समजणार ना? स्टेशनवरच्या पिवळ्या बोर्डावर बघावं म्हटलं तर तिथे इंग्रजी सगळंच कॅपिटलमध्ये असतं, त्यामुळे बोर्ड काही मदत करत नाही.

तर नक्की काय विचारायचंय ते सांगतो. शीर्षकात लोकांच्या तोंडचं नाव घ्यावं का दोन टोकांची स्टेशनं? यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर नॅरोगेज असं लिहिलं तर बरोबर आहे पण शोधणारा माणूस 'शकुंतला' च शोधणार. लाईन, मार्ग, रेल्वेमार्ग, लोहमार्ग यातलं काय घ्यावं? पेपरात मेगाब्लॉकच्या बातमीत 'हार्बर मार्ग' येतं, बोलताना सगळे हार्बर लाईन म्हणतात, आणि लोहमार्ग हा शब्द मी तरी फक्त लोहमार्ग पोलिसांच्या पाटीवरच बघतो. दोन स्टेशनांत आधी कुठलं लिहायचं, पुणे-मिरज का मिरज-पुणे? आणि जुन्या नोंदीत स्टेशनचं तेव्हाचं नाव ठेवायचं का आजचं? कुणी कोशाचं, भाषांतराचं किंवा रेल्वेत काम केलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद १

मी रेल्वेत रनिंगला, म्हणजे गाडीवरच्या ड्युटीला होतो, आता रिटायर. कुठलं आधी याचं उत्तर आमच्याकडे सोपं आहे, किलोमीटर जिथून मोजतात ते टोक आधी. मेन लाईनला शून्य सीएसएमटीला, मग ठाणे ३४, कल्याण ५४, पुणे १९२. ओव्हरहेडच्या (वरच्या विजेच्या तारेच्या) खांबावर बघा, वर किलोमीटर लिहिलेला असतो आणि खाली त्या किलोमीटरातला खांबाचा नंबर, कुठेही उभं राहिलात तरी कुठून मोजलंय ते समजतं. त्या हिशोबाने पुणे-मिरज लिहा, मिरज-पुणे नको. आणि एक नाव तुमच्या कोशात घ्याच. कल्याणहून कसाऱ्याकडे जाते तिला आम्ही नॉर्थ ईस्ट म्हणायचो आणि कर्जतकडे जाते तिला साउथ ईस्ट, हे जीआयपीच्या (जुन्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीच्या) वेळेपासून चालत आलंय, एक भुसावळकडे जाणारी आणि दुसरी पुणे, सोलापूर, रायचूरकडे जाणारी. स्टाफमध्ये आजही 'एनई' 'एसई' बोलतात. पॅसेंजरला माहीत नसतं पण नाव पक्कं आहे.

प्रतिसाद २

मी लंडनला असते, इथलं सांगते, कदाचित इंग्रजी सूचीला उपयोग होईल. इथे ट्यूबच्या (भुयारी रेल्वेच्या) नकाशावर, पाट्यांवर, सगळीकडे सेंट्रल, पिकॅडिली, बेकरलू यांचं पहिलं अक्षर कॅपिटल आणि 'लाइन' चा एल लहान. २०२२ ला एलिझाबेथ लाइन सुरू झाली तिचाही लहान, २०२४ ला ओव्हरग्राउंडला (इथली जमिनीवरची लोकल) लायनेस, मिल्डमे, विंडरश वगैरे सहा नवीन नावं दिली त्यांचाही लहान. म्हणजे नाव एलिझाबेथ, आणि लाइन म्हणजे ती काय वस्तू आहे ते. पण तुमच्या बार्शी लाईट रेल्वेला हा नियम लावू नका, ते कंपनीचं नाव होतं, त्यात तिन्ही शब्द नावाचेच. मार्गाला स्मॉल, कंपनीला कॅपिटल, एवढं धरलंत तर तुमच्या दोन्ही मित्रांचं निम्मं निम्मं बरोबर ठरेल.

प्रतिसाद ३

कोशाच्या कामात काही वर्षं घालवलीत म्हणून लिहितो. नाव का वर्णन हे ओळखायला मी एकच गोष्ट बघतो, टोक बदललं तर नाव टिकतं का? हार्बर घ्या. १९२५ ला विजेची पहिली गाडी व्हीटीहून कुर्ल्याला हार्बरवरूनच गेली, मग हाच मार्ग पुढे मानखुर्द, वाशी, पनवेल करत गेला, दुसरीकडे गोरेगावला गेला, आणि नाव हार्बरच राहिलं. म्हणजे ते विशेषनाम. कुर्डुवाडी-लातूर मार्ग उद्या पुढे वाढला तर तुम्ही दुसरंच काहीतरी म्हणाल, म्हणजे ते वर्णन. तुमची बार्शी लाईट बघा, तुम्हीच दिलेल्या तारखांत ती तीन वेळा वाढली, बार्शी तर मधेच कुठेतरी राहिलं, पण नाव हललं नाही. मग ते 'हलकी' कसं करणार, विशेषनामाचं भाषांतर करत नाहीत.

दाखवायचं कसं, तर विशेषनाम एकेरी अवतरणात नको, पानभर खिळे ठोकल्यासारखं दिसतं. शीर्षक ठळक ठेवा आणि पहिल्याच वाक्यात ते काय आहे ते सांगून टाका, 'कुर्डुवाडी जंक्शनवरून निघणारा नॅरोगेज रेल्वेमार्ग व तो चालवणारी कंपनी', झालं, मुलगा विजेचं विचारणार नाही. 'रोड' साठी दोन स्टेशनांच्या मधे लहान संयोगचिन्हाऐवजी लांब रेघ घाला आणि शेवटी रेल्वेमार्ग हा शब्द जोडून, 'कुर्डुवाडी–लातूर रोड रेल्वेमार्ग', मग डांबराचा प्रश्नच येत नाही. लोहमार्ग चूक नाही पण तुमचा वाचक तो शोधणार नाही. उरलेली सगळी नावं 'पहा' करून द्या, शकुंतला हेच शीर्षक ठेवा आणि यवतमाळखाली 'शकुंतला पहा' लिहा. जुन्या स्टेशनला त्या घटनेच्या वेळचं नाव आणि लगेच आजचं. १९२५ च्या वाक्यात व्हीटीच पाहिजे, त्याच स्टेशनचं सीएसटी हे नाव १९९६ चं आणि सीएसएमटी २०१७ चं. तसंच एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी २०१८ ला झालं, त्याआधीच्या वाक्यात प्रभादेवी लिहिलंत तर ती माहितीच चुकीची होते.

मूळ धागाकर्ता

तिघांचे मनापासून आभार, प्रतिसाद ३ वाल्या दादांची ती टोक बदलण्याची कसोटी काल रात्री बसून साठही नोंदींना लावली. बावन्न चटकन सुटल्या. काकांचं नॉर्थ ईस्ट आणि साउथ ईस्ट दोन्ही घेतलं, आणि ताई, एलचा प्रश्न मिटला, मार्गाला लहान, कंपनीला मोठा, दोघांनीही मान्य केलं.

कोकण रेल्वेने थोडा त्रास दिला. १९९० ला महामंडळ झालं आणि २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग सुरू झाला, पण कागदावर ती रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत आहे, रोह्याच्या अलीकडचं पेण, नागोठणे मध्य रेल्वेत येतं. गावाला जाणाऱ्या माणसाची कोकण रेल्वे मात्र दिव्यापासूनच सुरू होते. शेवटी शीर्षक एकच ठेवलं, पहिल्या वाक्यात रोहा ते ठोकूर आणि दुसऱ्या वाक्यात लोक काय म्हणतात ते. इंग्रजी सूचीत आणखी एक गंमत दिसली, तिकडे स्टेशनच्या स्पेलिंगमध्ये बार्शीला एच नाही, 'बार्सी टाउन' असंच आहे, मग कंपनीच्या नावातही एच घातला नाही, मराठीत मात्र बार्शीच.

आता एकच राहिलंय आणि ते तुम्ही घरी विचारून सांगू शकाल. नॅरोगेज उखडून ब्रॉडगेज झालं तेव्हा रूळ गेले, डबे गेले, बऱ्याच ठिकाणी रस्ताही बदलला. आजच्या ब्रॉडगेजला कुणी बार्शी लाईट म्हणतं का? म्हणत असतील तर एकच नोंद करीन, नसतील तर जुनी आणि नवी अशा दोन. माझ्या ओळखीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलं तर तिघं हो म्हणाले आणि दोघं म्हणाले की छे, ती गेली ती गेलीच. पंढरपूर, लातूर, मिरज, सांगोला, कवठेमहांकाळ इकडचं कुणी असेल तर आपल्या आजीआजोबांना नुसतं एवढं विचारा की लातूरला कशाने जाता, आणि ते जो शब्द वापरतील तो जसाच्या तसा इथे लिहा.