भारी काळी जमीन: बीबीएफ की शून्य मशागत?

प्रश्न: सोयाबीन आणि तूर, जमीन भारी काळी. पाऊस आता एकदम कोसळतो, नंतर पंधरा-वीस दिवस पत्ता नसतो. रुंद वरंबा सरी (बीबीएफ, म्हणजे रुंद उंच वरंब्यावर पेरणी आणि मधे निचऱ्याच्या सऱ्या) घ्यावी की शून्य मशागत (नांगरणी न करता थेट पेरणी)? दोन्हींची शिफारस होते. निवडायचं कशावरून?

प्रतिसाद १: पीक नेमकं कधी बसतं ते आधी बघा. कोवळं असताना पाणी तुंबून, की शेंगा भरताना ओल तुटून? भारी जमिनीत दोन्ही होतं, म्हणून बीबीएफ. वरंबा ९० ते १२० सेंमी, त्यावर सोयाबीनच्या ३-४ ओळी. सऱ्या ३० ते ४५ सेंमी रुंद, १५ सेंमी खोल. तूरही वरंब्यावरच घ्या, साचलेलं पाणी तिला सोसत नाही. सरीला ०.४ ते ०.८ टक्के उतार पुरे. थेट उतारावर काढली तर माती वाहून जाते. आणि सरीचं तोंड गवत असलेल्या चारीत सोडा! पाणी बांधापाशी अडलं की खालचे वरंबे पिवळे पडतात, मग दोष बीबीएफला दिला जातो. पावसाळा ओसरू लागला की तोंडं मातीने बंद करा, शेवटचं पाणी रानात मुरेल.

प्रतिसाद २: सहमत, पण आधी दोन-तीन ठिकाणी खड्डा घेऊन खोली पाहा. फूटभरावर मुरूम लागला तर तेवढ्या पट्ट्यात बीबीएफ नको, वरंबा लवकर वाळतो. तिथे उताराला आडवी सपाट पेरणी आणि दर ४-६ ओळींनंतर एक मृत सरी (पेरणी न करता पाणी मुरायला मोकळी ठेवलेली). शून्य मशागतीने ओल टिकते, मातीही सुधारते, मात्र सुरुवातीचे हंगाम तण जड जातं. निचरा नसलेल्या रानात काडाखाली गोगलगायी वाढतात, कोवळी रोपं खातात. पाणी साचत असेल तर आधी निचरा, मग शून्य मशागत.

प्रश्नकर्ता: वरंबे आधी पाडून ठेवू का?

प्रतिसाद १: गरज नाही, बीबीएफ यंत्र वरंबा आणि पेरणी एकदमच करतं. ७५ ते १०० मिमी पाऊस होऊन वाफसा आला की पेरा, बी ३ ते ५ सेंमीवर. खोल गेलं आणि वर पपडी धरली तर कोंब बाहेर येत नाही. घरचं बियाणं असेल तर १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण तपासा. ७० च्या खाली आली तर बियाण्याचं प्रमाण त्या हिशेबाने वाढवा.

प्रतिसाद २: पावसाचा खंड लांबला तर उथळ कोळपणी करा, भेगा बुजतात. फुलोऱ्यानंतर मात्र नको, मुळं तुटतात. तेव्हा पोटॅशियम नायट्रेट १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम, सकाळी लवकर फवारा.