लसीकरणाच्या आधी लसीकरण? इनॉक्युलेशनला मराठीत काय म्हणायचं

पाटीपेन्सिल: देवीच्या रोगाच्या इतिहासावरची एक पुस्तिका मराठीत आणतेय आणि दोन दिवस एकाच वाक्यावर अडकलेय. अर्थ साधा आहे, व्हॅक्सिनेशन येण्याआधी लोक इनॉक्युलेशन करायचे. आता माझ्याकडच्या कोशात दोन्हीला लसीकरण, म्हणजे वाक्य झालं "लसीकरण येण्याआधी लसीकरण केलं जाई". फरक तर केवढा! इनॉक्युलेशनमध्ये देवी आलेल्या माणसाच्या फोडातलंच द्रव्य निरोगी माणसाच्या कातडीत घालायचे, त्याला खरीखुरी देवी यायची, बहुतेकदा सौम्य, पण माणसं दगावायचीही. व्हॅक्सिनेशन म्हणजे १७९६ मध्ये इंग्रज डॉक्टर जेन्नरने केलं ते, गाईच्या देवीचं द्रव्य वापरून. शब्दातच गाय आहे, लॅटिन वाक्का. दोन वेगळे शब्द सुचवा, सोमवारी मजकूर द्यायचाय.

सांजवारा: टोचून घेण्याला माझी आजी "देवी काढल्या" म्हणायची. देवी डॉक्टर गावात आला म्हटलं की बायका पोरांना घेऊन माळ्यावर लपायच्या असं सांगायची. तिच्या दंडावर दोन गोल वण होते, आत बारीक बारीक खळगे, मी लहानपणी त्यावर बोट फिरवत झोपायचे. आणि लस म्हणजे तिच्या लेखी जखमेतून येते ती, "गुडघ्यातून लस येतेय, हळद दाब". मग व्हॅक्सिनला लस म्हणायला कधी लागलो आपण?

कोकणकडा: मला वाटतं तिथूनच. पूर्वी वासराच्या कातडीवर गाईच्या देवी वाढवायचे आणि त्या फोडांमधलं द्रव्य खरवडून घ्यायचे, ते लोकांना टोचायचे. डोळ्याला दिसायची ती लसच, म्हणून नावही लस. आता करोनाच्या लशीत ना फोड ना वासरू, तरी शब्द टिकला. व्हॅक्सिनमधली गाय पण अशीच गेली, १८८१ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ पाश्चरने जेन्नरच्या सन्मानार्थ तोच शब्द बाकीच्या रोगांच्या लशींनाही लावला. माझा अंदाज, लसूण पण याच घरातला, चिकट रस असतो ना.

शुद्धलेखन_आग्रही: लसूण संस्कृत लशुनवरून, त्याचा जखमेच्या लशीशी संबंध जोडू नका. चिकटपणा दिसला की नातं लावायचं ही सवय वाईट.

संत्राबाग: पाटीपेन्सिल ताई, इनॉक्युलेटचं मूळ पाहिलंत का? इन आणि ऑक्युलस, ऑक्युलस म्हणजे डोळा. आणि हा माणसाचा डोळा नाही, झाडाचा, जिथून कोंब फुटतो तो! इंग्रजीत हा आधी कलमं बांधणाऱ्यांचा शब्द होता, देवीच्या रोगाला तो अठराव्या शतकात लावला. आम्ही वरुडकडचे, संत्र्याला डोळा भरतो तेच हे. जंबेरी लिंबाचा खुंट पेन्सिलीएवढा जाड झाला की जमिनीपासून वीतभर वर उभी-आडवी चीर द्यायची, साल चाकूच्या मागच्या टोकाने हलकेच उचलायची, डोळा आत सरकवायचा आणि पट्टी गुंडाळायची, डोळ्याचं तोंड तेवढं उघडं ठेवायचं. दोनतीन आठवड्यांनी हिरवा दिसला तर लागला, काळा पडला तर गेला. माणसाच्या दंडाला चीर देऊन फोडातलं द्रव्य आत ठेवणारे आणि आमचे बाबा एकच काम करत होते. म्हणून मी म्हणतो, सरळ "देवी भरणे" लिहा.

पाटीपेन्सिल: हे वाचून अंगावर काटा आला, इतकं चपखल! मग व्हॅक्सिनेशनला लस टोचणे. पण संपादकांना चालेल का, वाचक म्हणतील देवी भरणे म्हणजे ओटी भरण्यासारखं काहीतरी.

शुद्धलेखन_आग्रही: म्हणतीलच. शास्त्रीय मजकुराला शास्त्रीय संज्ञा हवी, "संरोपण" का नको? उद्या कोणी सर्जरीला कापाकापी लिहील.

प्रयोगवही: मायक्रोबायोलॉजी शिकवते. परीक्षेत मुलं संरोपण पाठ करून लिहितात आणि प्रत्यक्ष नळीत जिवाणू सोडताना विचारतात मॅडम आता काय करायचं. मी एकदा म्हटलं विरजण लावायचंय, तर अख्ख्या वर्गाला कळलं. कोमट दूध, चमचाभर जुनं दही, रात्रभर ऊब, सगळं तेच आहे. सोयाबीनच्या बियाण्याला रायझोबियम नावाचे जिवाणू चोळतात त्यालाही इंग्रजीत इनॉक्युलेशनच म्हणतात, शेतकरी "चोळलं का" एवढंच विचारतो. एका इंग्रजी शब्दाला एकच मराठी शब्द पाहिजे हा हट्ट कशाला? झाडाला भरणे, दुधाला विरजणे, बियाण्याला चोळणे, आपल्याकडे जास्त शब्द आहेत ही श्रीमंती आहे.

शुद्धलेखन_आग्रही: श्रीमंती घरात ठीक. पाठ्यपुस्तकात एका पानावर विरजण आणि दुसऱ्यावर चोळणे आलं तर मुलाला दोन्ही एकच क्रिया आहे हे कसं कळणार? माझा विरोध कायम.

कोकणकडा: आणि पोलिओच्या थेंबांचं काय? त्यांना कोणी लस टोचली म्हणत नाही, डोस पाजला म्हणतात. लस म्हटलं की सुई आलीच असं थोडंच आहे. व्हायरस पण बघा, लॅटिनमध्ये विष, आणि आपला विष शब्द त्याचा चुलतभाऊ, म्हणून विषाणू इतका नीट बसलाय.

संत्राबाग: प्रयोगवही मॅडम, आमच्याकडे इरजण म्हणतात. थंडीत भांडं गव्हाच्या कोठीत ठेवतात.

प्रयोगवही: आमच्याकडे पिठाच्या डब्यात! थंडीत मी विरजण दुप्पट घालते.

सांजवारा: आत्ता आईला फोन केला, तिच्या देवी दंडावर नाहीत, मनगटाच्या वर आहेत, आतल्या बाजूला. आजीच्या दंडावर होत्या हे मला पक्कं आठवतंय. तुमच्याकडच्या मोठ्यांच्या कुठे आहेत?