कॅम्पानुला झोयसीचं तोंड बंद का?

प्रश्न: आल्प्समधली ती छोटी निळी घंटाफुलं, कॅम्पानुला झोयसी, फोटोत बघितली तर टोकाला चिमटून बंद केल्यासारखी दिसतात. ही कळी आहे की फूल पूर्ण उमललंय?

उत्तर: पूर्ण उमललंय! बाकी बहुतेक कॅम्पानुलांची घंटा उघडी असते, हिची नळी मात्र टोकाला आवळलेली आणि तिथे पाच टोकांची सुरकुतलेली चांदणी, त्यामुळे मोठ्या मधमाशीला आत शिरताच येत नाही.

दुसरं उत्तर: आतली रचना तर त्याहून भारी, कॅम्पानुलात परागकोश (परागाच्या पिशव्या) कळीतच फुटतात नि पराग कुक्षीवृंताच्या, म्हणजे फुलातल्या मधल्या दांडीच्या, केसांवर चिकटून राहतात, पराग झेलणाऱ्या टोकाचे, म्हणजे कुक्षीचे, फाटे नंतर उघडतात, म्हणजे आधी नर अवस्था मग मादी.

प्रश्नकर्ता: मस्त! वाढते कुठे? कुंडीत जमेल का?

उत्तर: स्लोव्हेनिया आणि लगतच्या ऑस्ट्रिया-इटलीत, चुनखडीच्या कड्यांच्या फटींत. नाव कार्ल झोइस (१७५६-१७९९) या वनस्पती-अभ्यासकावरून. कुंडीत जमतं, पण चुनखडीची बारीक खडी घाला, निचरा चांगला हवा आणि गोगलगायींपासून जपा, त्यांना ही फार आवडते. आणि प्लीज, डोंगरातून उपटून आणू नका, बियांपासूनच करा.