मदत हवी आहे: लॅब मशीनच्या स्टँडर्डवर ओपन सोर्स टूल, कॉपीराइट-पेटंटचं काय?

नमस्कार मंडळी,

पॅथॉलॉजी लॅबमधल्या अ‍ॅनालायझरचे रिझल्ट वाचून ते एचएल७ या संस्थेच्या फायर फॉरमॅटमध्ये (आरोग्याची माहिती एका सिस्टिममधून दुसरीत नेण्याचं स्टँडर्ड) बदलणारं छोटं टूल लिहितोय. फायरची काळजी नाही, ते सीसी-झिरो या हक्क सोडून देणाऱ्या लायसन्सखाली खुलं आहे. घोडं अडलंय मशीनच्या बाजूला. मशीन रिझल्ट कसे पाठवतं ते ठरवणारं स्टँडर्ड म्हणजे जुनं एएसटीएम ई१३९४, आता सीएलएसआय या संस्थेचं एलआयएस०२. त्याची पीडीएफ विकत घ्यावी लागते आणि ती कॉपीराइटखाली आहे.

आता माझ्या कोडमध्ये त्यातले एच, पी, ओ, आर, एल (हेडर, पेशंट, ऑर्डर, रिझल्ट, शेवट) हे रेकॉर्ड आहेतच. त्याशिवाय पार्सर (मशीनचा मेसेज वाचून त्याचे भाग पाडणारा कोड) लिहायचा कसा? पण आळसापोटी मी फील्डचं अख्खं टेबल, वर्णनांसकट, कॉमेंटमध्ये उतरवून ठेवलं होतं. ते आता खटकतंय. फील्डचा क्रम आणि नाव ठेवून वर्णन स्वतःच्या शब्दांत लिहिलं, तर पुरे होईल का?

स्नोमेड सीटीचंही (वैद्यकीय संज्ञांचे कोड) तसंच. भारत ते चालवणाऱ्या संस्थेचा सदस्य असल्याने इथे लायसन्स फुकट मिळतं, पण माझा कोड ठेवलेली रिपॉझिटरी तर जगभर उघडी! म्हणून कोडची यादी टूलमध्ये न देता वापरणाऱ्याने स्वतः आणावी, असं ठरवतोय.

पेटंटचं मात्र डोक्यावरून जातं. आपल्या कायद्यातलं कलम ३(के) निव्वळ संगणक प्रोग्रॅमला पेटंट देत नाही, ठीक. पण उद्या अमेरिकेतल्या कुणी वापरलं तर? अपाचे २.० या ओपन सोर्स लायसन्समधलं पेटंट कलम फक्त योगदान देणाऱ्यांपुरतं आहे, तिऱ्हाइताला ते कुठे बांधतं?

कुणी असं टूल प्रत्यक्ष प्रकाशित केलंय का? वकिलाकडे जाताना नेमकं काय विचारलंत?