सॉरी न म्हणणाऱ्याला माफ कसं करायचं?

वर विचारलंय ना की समोरचा सॉरीच म्हणत नसेल तर माफ कसं करायचं, तर माझं सांगतो. चुलतभावाने ४० हजार नेले आणि वर्षभर फोन उचलला नाही, आणि दर रविवारी पंचहौदच्या चर्चमध्ये प्रभूची प्रार्थना म्हणताना 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' ही ओळ आली की मी नुसते ओठ हलवायचो. मराठी बायबलात शब्दच ऋण आहे हो, पळणार कुठे!

बायबलातल्या मत्तयच्या पुस्तकात, १८ व्या अध्यायात येशूने सांगितलेला एक दाखला आहे, तो आपण चुकीचा वाचतो असं मला वाटतं. धन्याने एका चाकराचं दहा हजार तालांतांचं, म्हणजे न फिटणारं प्रचंड कर्ज सोडलं आणि तोच चाकर शंभर दिनारांच्या उधारीसाठी सोबत्याचा गळा धरतो. पण दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, म्हणजे शंभर दिनार ही तीनेक महिन्यांची कमाई झाली, किरकोळ नाहीच. येशू दुखणं खोटं म्हणत नाही, हे कळल्यावर मला जरा सोपं गेलं.

माफ केलं म्हणजे परत उधार द्यायचं असं नाही हां, ते मी देणार नाही. पण डायरीतलं त्याचं पान फाडलं, आणि गणपतीत लक्ष्मी रोडवर समोर आला तेव्हा रस्ता बदलला नाही, चहा घेतला. पैसे मीच दिले, अर्थात.