अंगावर पाजताना आलेल्या अडचणी : तुमचे अनुभव लिहा

बाळ झालं की आईला पाजता येणारच, असं सगळे धरून चालतात. खरं तर दोघंही नवखी असतात. माझी धाकटी बहीण नुकतीच बाळंत झाली आहे आणि रोज रात्री फोनवर रडते. तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या सगळ्यांसाठी हा धागा. काय दुखलं, कशाने उतार पडला, कोणाची मदत झाली ते लिहा. आया, बाबा, आज्या, कोणीही. फक्त 'सहन कर, होईल सवय' एवढंच लिहू नका.

*

माझ्या दोन्ही बोंडांना चिरा पडल्या होत्या. बाळ तोंड लावायचं तेव्हा मी दात आवळून बसायचे. 'सुरुवातीला असंच असतं' हे सगळ्यांकडून ऐकलं. शेवटी एका नर्सताईंनी बाळ पितं कसं ते शेजारी बसून बघितलं. त्याच्या तोंडात नुसतं बोंड जात होतं, भोवतीचा काळा भाग बाहेरच राहत होता. त्यांनी शिकवलं ते असं : बाळाचं पोट आपल्या पोटाला टेकलेलं हवं, नाक बोंडासमोर. बोंड त्याच्या वरच्या ओठाला लावायचं, मोठा 'आ' केला की बाळाला छातीकडे आणायचं. आपण त्याच्यावर वाकायचं नाही, पाठही धरते आणि पकडही सुटते. हनुवटी छातीला टेकलेली आणि खालचा ओठ बाहेर वळलेला दिसला की जमलं. दुखतंय असं वाटलं तर ओढून काढू नका. तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी आत सरकवा, मग पुन्हा लावा. चिरा भरायला वेळ लागला, पण कळ त्याच दिवशी कमी झाली.

*

वर लिहिलंय ते सगळं करूनही दुखत राहिलं तर बाळाची जीभ तपासून घ्या. माझ्या मुलीच्या जिभेखालची पट्टी आखूड होती, जीभ हिरडीपुढे येतच नव्हती. डॉक्टरांनी ती कापली, मग जमलं. सगळ्यांनाच कापावी लागते असं नाही.

*

आमच्याकडे प्रश्न 'दूध पुरत नाही' हा. संध्याकाळ झाली की बाळ छाती सोडायला तयार नसायचं, सोडलं की रडायचं. सासूबाई काळजीने वरचं दूध सुचवायच्या. डॉक्टरांनी आधी शू मोजायला लावली. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत ६ किंवा जास्त वेळा भरपूर शू होत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पोचतंय. जन्मानंतर वजन थोडं उतरतंच, साधारण दोन आठवड्यांत ते भरून यायला हवं. आमचं दोन्ही ठीक होतं. नवजात बाळ दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा पितं, संध्याकाळी तर लागोपाठ. जितकं प्यायलं जातं तितकं बनतं, म्हणून गरज नसताना वरचं दिलं की अंगावरचं कमी होत जातं. काही आठवड्यांनी छाती मऊ लागायला लागली तेव्हा मला धसकाच बसला होता. पण मऊ लागणं म्हणजे आटणं नव्हे.

*

बाबा लिहितोय. सिझेरियननंतर बायकोला बाळ मांडीवर घेणं सहन होत नव्हतं. टाक्यांवर भार नको म्हणून बाळाला तिच्या काखेखाली, पाय पाठीकडे करून धरायला शिकलो. रात्री कुशीवर झोपूनही पाजायची. बाळ उचलून देणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं माझ्याकडे. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दाराशीच सांगायचो, दुधाचा विषय काढू नका. बायकोच्या मते याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला.

*

एका बाजूला दगडासारखी गाठ, वर लाल चट्टा आणि थंडी वाजून ताप. घरचे म्हणाले त्या बाजूचं बंद कर. डॉक्टर म्हणाल्या, पाजत राहा, बाळाला त्याचा त्रास होत नाही. अँटिबायोटिक दिलं, तेही पाजताना चालणारं. जोराने चोळून गाठ फोडायला जाऊ नका, सूज वाढते. मला थंड पट्टीने आणि अगदी हलक्या हाताने आराम पडला. लाली आणि ताप असेल तर वाट बघत बसू नका.

*

माझं दूध शेवटपर्यंत पुरेसं झालंच नाही. पकड सुधारली, पंप लावला, रात्री उठून पाजलं. तपासणीत कळलं की दूध बनवणाऱ्या ग्रंथीच कमी आहेत. त्या दिवशी खूप रडले आणि मोकळीही झाले, कारण मला हे कोणीच आधी सांगितलं नव्हतं. आता आधी अंगावर, मग मोजून पावडरचं दूध. कधी ते बारीक नळीने बोंडाशीच देते, म्हणजे बाळ छातीलाच राहतं. वजन छान वाढतंय. ही नळी कशी लावायची ते मला समोर बसवून शिकवलं होतं. कोणाला हवं असेल तर विचारा, सविस्तर लिहीन.