मॉरिशस, रिसॉर्ट न घेता, आईसोबत, बसने फिरून: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरमध्ये गणपतीच्या आसपास आईला घेऊन मॉरिशसला जायचं जवळजवळ ठरलंय, साधारण दोन आठवडे. टूरवाल्यांची पॅकेजेस बघून झाली, सगळीकडे तेच, समुद्रकाठचं रिसॉर्ट, तिन्ही त्रिकाळ तिथेच जेवायचं, एक दिवस उत्तर एक दिवस दक्षिण, कॅटमरान बोटीची सफर, सात रंगांची माती, आणि परत विमानात. आईला हे अजिबात नकोय आणि मलाही नकोय.

आई मूळची संगमेश्वरकडची. रत्नागिरीकडची माणसं मुंबई बंदरातून गिरमिटिया (करारावरचे मजूर) म्हणून तिकडे उसात राबायला गेली आणि त्यांच्या घरी अजून गणपती बसतो, हे तिने कुठेतरी वाचलं तेव्हापासून तिच्या डोक्यात हेच आहे. तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, शाळेत मराठी शिकवतात, आणि आपलं जाखडी तिकडे झाकरी म्हणून नाचतात. तिला ते बघायचंय, आणि पोर्ट लुईला आप्रवासी घाटाच्या त्या सोळा पायऱ्या बघायच्यात जिथून सगळे चढून आले. १८३४ ते १९२० मध्ये जवळपास पाच लाख माणसं भारतातून तिथे गेली म्हणतात, त्यात आपल्या गावाकडचं कुणी असेलच असं ती रोज एकदा तरी म्हणते.

जेवढं कळलंय ते असं. आपल्याला व्हिसा तिथे उतरल्यावर फुकट मिळतो, परतीचं तिकीट आणि राहायचं बुकिंग दाखवावं लागतं. मुंबईहून थेट विमान आहे. विमानतळ दक्षिणेला आहे म्हणून आधी माहेबूरला साध्या गेस्टहाऊसमध्ये उतरायचं, सोमवारचा बाजार गाठायचा, शेजारीच ब्लू बे. मग पश्चिमेला फ्लिक-आं-फ्लाकच्या आसपास खोली, कारण कास्कावेल गाव तिथून जवळ आहे आणि मराठी वस्ती तिकडेच जास्त आहे असं वाचलं.

आता अडलंय ते सांगते. आईची साठी कधीच उलटलीय, चालते भरपूर पण गुडघे कुरकुरतात, तर बसने फिरणं जमेल का की गाडी घ्यावीच लागेल (मी चालवते, तिथे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात एवढं माहितीये). दुसरं म्हणजे आई शाकाहारी, गेस्टहाऊसमध्ये जेवणाचं काय. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ओळख ना पाळख, कुणाच्या घरी गणपती बघायला जाणं तिकडे बरं दिसतं का? आपल्याकडे कुणीही आलं तरी प्रसाद देतो, पण तिकडची रीत माहीत नाही आणि मला कुणाच्या घरात कॅमेरा घेऊन घुसणाऱ्या टुरिस्टसारखं जायचं नाहीये. शिवाय चार दिवस रोद्रिग बेटावर जावं असंही मनात आहे, कुणी गेलंय का?

प्रतिसाद १

ताई, मी नोकरीसाठी बरीच वर्षं इथे मॉरिशसमध्ये, एबेनला आहे म्हणून लिहितो. आधी गणपतीचं. इथली सुट्टी बऱ्याचदा आपल्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी असते आणि विसर्जन त्याच दिवशी, त्यामुळे विमानाची तारीख पुण्या-मुंबईचं कॅलेंडर बघून ठरवू नका, इथली सुट्ट्यांची यादी बघा. घरी जाण्याबद्दल म्हणाल तर आधी देवळात किंवा मंडळात जा, आरतीला उभ्या राहा, आई कोकणातल्या आहेत हे कळलं की कुणीतरी घरी नेणारच. घरात बोलणं मात्र क्रेओल या इथल्या बोलीत, तरुण मुलांना मराठी थोडंच येतं, पण आरत्या पाठ असतात. आईंनी आरती म्हणायला सुरुवात केली की पुढचं आपोआप होतं.

बसचं म्हणाल तर दिवसा उत्तम. कंडक्टर असतो, रोख पैसे, सुटे ठेवा. विमानतळावरून माहेबूरला बसच जाते. पोर्ट लुई ते क्युरपीप मेट्रो आहे, मधे कात्र बोर्नला उतरून फ्लिक-आं-फ्लाकची बस मिळते. पण गावाकडच्या बसेस संध्याकाळी सहा-सातला संपतात, त्यानंतर टॅक्सीवाला म्हणेल तो दर. गंगा तलाव या इथल्या तीर्थक्षेत्राला बस सोयीची नाही, त्या दिवशी टॅक्सी ठरवून टाका, येताना सात रंगांच्या मातीचं शामारेलही होईल. आणि स्वेटर आणा हो, सप्टेंबर म्हणजे इथली थंडी सरत आलेली असते पण क्युरपीप उंचावर आहे, तिथे पाऊस आणि गारठा दोन्ही.

जेवणाची काळजी नको. नाक्यानाक्यावर काचेच्या पेटीत ढोलपुरी घेऊन माणूस उभा असतो, दिसायला पुरणपोळीसारखी पण आत पिवळ्या डाळीचं बिनगोडाचं पुरण, दोन पुऱ्या एकावर एक, त्यात वालाची रस्साभाजी, टोमॅटोची रुगाय (दाटसर रस्सा) आणि हिरवी मिरची, कागदात गुंडाळून हातात. मिरची कमी सांगा. रांग जिथे मोठी तिथेच घ्या.

प्रतिसाद २

बसबद्दल वरच्यांशी अर्धंच सहमत. गुडघे दुखत असतील तर निदान पश्चिमेला असताना गाडी घ्याच, ले मोर्न डोंगराकडचा रस्ता थांबत थांबत बघायचा आहे, बसच्या खिडकीतून नाही. समुद्रासाठी रिसॉर्ट लागतच नाही, किनारे सार्वजनिक आहेत. रविवारी पब्लिक बीचवर जा, सुरूच्या झाडांखाली अख्खी खानदानं पातेली घेऊन बसलेली असतात, कुणी रावान (डफासारखं वाद्य) वाजवतं, सेगा हा तिथला नाच सुरू होतो. मॉरिशस मला तिथे दिसलं.

रोद्रिगला जरूर जा, विमानाने दीडेक तास. तिथे घरगुती खोल्या आहेत, रात्री मालकीणबाई सगळ्यांना एका टेबलावर जेवायला घालतात. आई शाकाहारी आहेत हे बुकिंग करतानाच कळवा, तिथे भारतीय वस्ती फार कमी, राजमा, मका, लिंबू-मिरचीचं लोणचं यावर निभावतं. ओहोटीला काठी घेऊन ऑक्टोपस धरणाऱ्या बायका बघायला म्हणून जाणार असाल तर सप्टेंबरमध्ये त्यांची शिकार साधारण बंद असते, ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या मधे दोन महिने बंदी, पिल्लं वाढावीत म्हणून. शनिवारचा पोर्ट मातुरांचा बाजार मात्र चुकवू नका, सकाळी लवकर, दहापर्यंत उरकतो.

धागाकर्ती

दोघांचेही खूप आभार, आईला वाचून दाखवलं, आरत्यांचं पुस्तक आत्ताच बॅगेत गेलंय. तारखा आता तिथली सुट्टी बघून धरते. माहेबूरला बस आणि पश्चिमेला गाडी असं करते. एवढंच अजून सांगा, सप्टेंबरमध्ये आग्नेयेचा वारा जोरात असतो म्हणतात, तर रोद्रिगला आईला बोटीतून कोको बेटावर नेणं ठीक आहे का की तो दिवस कासवांच्या रिझर्व्हला द्यावा? आणि कास्कावेलच्या जवळपास तळमजल्यावर खोली असलेलं गेस्टहाऊस कुणाला माहीत असेल तर प्लीज माझ्या विपूत (विचारपुशीत) लिहा.